कमिटीत चार-चार मतं पडू नयेत म्हणून आधी काय करायचं, आणि पडलीच तर पुढे काय

आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट, कमिटीच्या जागा ११, आणि तरी सेक्रेटरी ठरवताना मतं पडली ४-४. अकरा हा विषम आकडा आहे मग बरोबरी झालीच कशी, असं मला तेव्हा कितीतरी जणांनी विचारलं, तर ती अशी झाली की निवडणुकीत राखीव जागांपैकी दोन जागांना उमेदवारच मिळाला नाही म्हणून नऊ जण निवडून आले, वर्षभरात एकजण फ्लॅट विकून बेंगळुरूला गेला, उरले आठ, आणि मग सेक्रेटरींनी तब्येतीमुळे पद सोडलं, कमिटीत राहिले पण पद नको म्हणाले. त्या पदासाठी दोन नावं आली, एक रिटायर्ड बँकवाले काका आणि एक बी विंगमधली ताई, दोघंही खरंच चांगले, दोघांच्या मागे चार-चार जण. चेअरमनकडे कास्टिंग व्होट, म्हणजे बरोबरी सोडवणारं जादा मत, होतं पण ते म्हणाले मला दोघांच्या शेजारी राहायचंय, मी नाही देणार.

पुढचे तीन महिने सोसायटीला सेक्रेटरी नव्हता. चेकवर दोन सह्या लागायच्या, त्यातली एक सेक्रेटरीची. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) संपला, पैसे वेळेत गेले नाहीत, आणि लिफ्ट बिघडली तेव्हा नऊ दिवस कोणी आलं नाही. सातव्या मजल्यावरच्या आजी त्या नऊ दिवसांत फिजिओथेरपीला जाऊ शकल्या नाहीत. मी तेव्हा खजिनदार होते आणि ते मला अजून टोचतं, कारण हे सगळं एका पानाच्या ठरावाने टळलं असतं. म्हणून हे लिहितेय, तुमची सोसायटी असो, गणेश मंडळ असो, शाळेचा ट्रस्ट असो किंवा परदेशातलं महाराष्ट्र मंडळ असो, जिथे कमिटी बसून एखाद्या नावावर हो किंवा नाही म्हणते तिथे हे लागू आहे.

पहिलं काम, खुर्च्या मोजा. कागदावरच्या नाही, ज्यांच्यावर आज माणूस बसलाय त्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, कमिटीचे आकडे मुद्दाम विषम ठेवलेत, १०० पर्यंत सभासद असतील तर ११, त्यापुढे १३, १५, १७, १९ असे. पण राखीव जागा रिकाम्या राहतात, कोणी राजीनामा देतं, कोणी वारतं, कोणी मुलाकडे सहा महिने अमेरिकेला जातं, आणि विषमचा सम कधी झाला ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दर मीटिंगच्या मिनिट्समध्ये वर एक ओळ टाकायची सवय लावा की मंजूर जागा इतक्या, भरलेल्या इतक्या, हजर इतके. ती ओळ सम आकडा दाखवायला लागली की तुमच्याकडे अजून वेळ आहे असं समजा, रिकामी जागा आधी भरून घ्या, तुमच्या उपविधीत स्वीकृत सदस्य घ्यायची जी पद्धत असेल त्या पद्धतीने. आणि जागा भरणं आणि पदाधिकारी निवडणं या दोन गोष्टी एकाच मीटिंगला ठेवू नका, नाहीतर नवा सदस्य कोणाच्या बाजूचा यावरच भांडण होतं आणि एकाऐवजी दोन कोंड्या होतात.

रिकामी खुर्ची किती महाग पडते याचं आपल्याच देशातलं उदाहरण लोकपालचं. कायदा २०१३ चा, अंमल जानेवारी २०१४ पासून, आणि पहिले लोकपाल न्या. पिनाकी चंद्र घोष नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. पाच वर्षं. निवड समिती पाच जणांची होती, पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, विरोधी पक्षनेता, सरन्यायाधीश किंवा त्यांनी दिलेले न्यायाधीश, आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ, पण २०१४ च्या निवडणुकीनंतर लोकसभेत कोणालाच अधिकृत विरोधी पक्षनेतेपद मिळालं नाही आणि ती जागा कोण भरणार हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. खरं तर समितीत जागा रिकामी आहे एवढ्यावरून नेमणूक बाद होत नाही असं त्याच कायद्यात आहे, सुप्रीम कोर्टानेही एप्रिल २०१७ मध्ये सांगितलं की विरोधी पक्षनेत्याशिवायसुद्धा काम पुढे नेता येतं, तरी पुढे जवळजवळ दोन वर्षं गेली. काँग्रेसचे मल्लिकार्जुन खर्गे यांना विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं जायचं, मताचा अधिकार नाही म्हणून ते जायचे नाहीत. सीबीआय संचालकांच्या निवड समितीबाबत मात्र २०१४ मध्येच दुरुस्ती करून लिहून टाकलं की विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता बसेल. एक ओळ. तुमच्या नियमातही प्रत्येक खुर्चीला ही ओळ हवी, हा माणूस नसेल तर कोण.

आता या सगळ्यात मला सर्वात जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगते. नियम ठरवायचे ते नावं समोर यायच्या आधी. नावं आल्यावर प्रत्येक नियम कोणाच्या तरी बाजूचा किंवा विरुद्धचा दिसतो आणि मग चांगला माणूससुद्धा तो मान्य करत नाही. आम्ही हेच चुकलो, ४-४ झाल्यावर मी म्हटलं की चला चिठ्ठी टाकू, तर एका गटाला लगेच वाटलं की मी दुसऱ्या गटाची आहे.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये हे दोन्ही प्रकार अगदी लागोपाठ झालेत, म्हणून मी तिथलं उदाहरण मुद्दाम देते. तिथे राष्ट्राध्यक्ष ज्याला न्यायाधीश किंवा मंत्री नेमतो त्याचं नाव आधी सिनेटच्या कमिटीकडे जातं, तिथून मतदान होऊन मोठ्या सभागृहाकडे. २०२१ मध्ये सिनेट ५०-५० झालं आणि कमिट्यांमध्येही दोन्ही पक्षांच्या जागा समान ठेवायच्या ठरल्या. सभागृहात बरोबरी झाली तर उपाध्यक्षांचं मत असतं, पण कमिटीत उपाध्यक्ष नसतात, म्हणजे कमिटीतली बरोबरी सोडवणारं कोणीच नाही. म्हणून फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीलाच दोन्ही पक्षांनी ठराव केला की कमिटीत बरोबरी झाली तर दोन्हीपैकी कुठल्याही पक्षाचा नेता ते नाव कमिटीतून काढून सभागृहासमोर आणायचा प्रस्ताव मांडू शकेल, चर्चा चार तास, मग मतदान. ४ एप्रिल २०२२ ला केतांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नावावर न्यायविषयक कमिटीत ११-११ झालं. त्याच दिवशी सभागृहाने ५३-४७ ने नाव बाहेर काढलं आणि ७ एप्रिलला त्या सुप्रीम कोर्टासाठी मंजूर झाल्या. तीन दिवसांत प्रश्न संपला कारण रस्ता वर्षभर आधी बांधून ठेवला होता.

आणि २०२३ मध्ये त्याच कमिटीत काय झालं बघा. आता ११-१० असं बहुमत होतं, विषम आकडा, काळजी नाही असं वाटावं. पण सिनेटर डायन फाइनस्टाइन आजारी पडल्या, फेब्रुवारीपासून मे पर्यंत येऊ शकल्या नाहीत, आणि ११-१० चं १०-१० झालं. आधीचा तो ठराव त्या ५०-५० वाल्या सभागृहापुरताच होता. एप्रिलमध्ये त्यांच्या जागी तात्पुरता दुसरा सदस्य बसवायचा प्रयत्न झाला तर समोरच्या पक्षाने नकार दिला, आणि न्यायाधीशांची काही नावं अडकून पडली, त्या मे मध्ये परत आल्या तेव्हा गाडी हलली. तीच कमिटी आणि बरीचशी तीच माणसं, फरक एवढाच की एकदा गरज पडायच्या आधी बोलले आणि एकदा गरज पडल्यावर.

म्हणून आजारपण, बाळंतपण, परगावी असणं यासाठी नियम लिहा. सोसायटीत प्रॉक्सी चालत नाही, मत स्वतःच द्यायचं असतं, त्यामुळे तारीख ठरवताना जास्तीत जास्त लोक असतील असा दिवस निवडणं हाच साधा मार्ग, आणि नावावर मत घ्यायचं असेल तर ते अजेंड्यात स्पष्ट लिहायचं, "आयत्या वेळचे विषय" मध्ये कधीच नाही. मंडळ किंवा ट्रस्ट असेल तर तुमच्या घटनेत बदली सदस्याची तरतूद करता येते का बघा.

गैरहजेरीचा एक दुसराही प्रकार असतो, मुद्दाम न येणं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिनेटच्या बँकिंग कमिटीत फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या पाच नावांवर एकत्र मतदान होतं, एका पक्षाला त्यातलं सेरा ब्लूम रास्किन हे एक नाव पसंत नव्हतं, तर त्या पक्षाचे बाराच्या बारा सदस्य आलेच नाहीत. कमिटी २४ ची, नाव पुढे पाठवायला बहुमत प्रत्यक्ष हजर लागतं, कोरमच झाला नाही, पाचही नावं अडकली. महिनाभराने रास्किन यांनी माघार घेतली तेव्हा बाकीची चार पुढे गेली. यातून आपण घ्यायचं ते असं की नावं कधी एका गठ्ठ्यात बांधू नका, प्रत्येक नावावर वेगळं मत घ्या, म्हणजे एका नावावरच्या भांडणात बाकीची भरडली जात नाहीत. आमच्याकडे सेक्रेटरी आणि जॉइंट सेक्रेटरी दोन्ही एकाच ठरावात टाकले होते, जॉइंट सेक्रेटरीच्या नावाला कोणाचाच विरोध नव्हता, तरी तेही लटकलं, आणि तेच निदान काम चालवू शकले असते.

कोरमबद्दल अजून एक, खूप लोकांचा गैरसमज असतो. कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायचं आणि मग आहेत तेवढ्यात सभा घ्यायची ही सोय सोसायटीच्या जनरल बॉडीची आहे, कमिटी मीटिंगला ती धरून चालू नका. अकराच्या कमिटीत सहा हजर नसतील तर ती मीटिंग नाहीच, आणि त्यात ठरलेलं नाव पुढे कोणीही चॅलेंज करेल.

मतदान कसं घ्यायचं हेही आधी ठरवा. नाव एकच असेल तर हो किंवा नाही, आणि बरोबरी झाली तर ठराव नामंजूर, हे साधं आहे. पण नामंजूर झाल्याने खुर्ची भरत नाही ना, म्हणून पुढची तारीख तिथेच ठरवायची. नावं तीन असतील आणि मतं ३-३-२ पडली तर सर्वात कमीवाला बाहेर आणि उरलेल्या दोघांत पुन्हा मत. तटस्थ राहिलेल्याचं मत कशात धरायचं, हजर लोकांच्या बहुमताला मोजायचं की फक्त मत देणाऱ्यांच्या, हे लिहिलं नसेल तर तिथेच वाद सुरू होतो. माझ्या मते फक्त पडलेली मतं मोजा, तटस्थ राहणाऱ्याला नकळत विरोधात टाकू नका. आणि शेजारीपाजारी असलेल्या लोकांत हात वर करून मत नको, कागदाच्या चिठ्ठ्या बऱ्या, माणूस मोकळेपणाने मत देतो आणि दुसऱ्या फेरीत मत बदलायला त्याला लाज वाटत नाही.

आता बरोबरी झालीच तर. इथे एक गोष्ट आधी स्वतःला विचारा, बरोबरी तशीच राहिली तर फायदा कोणाचा? सिनेटच्या कमिटीत बरोबरी म्हणजे नाव अडलं, म्हणजे विरोध करणाऱ्याला नुसतं बसून राहिलं तरी चालतं. सोसायटीत जुना सेक्रेटरी "नवीन ठरेपर्यंत" म्हणून बेमुदत चालू राहिला तर त्याच्या गटाला घाई का असेल? ज्याला उशिराचा फायदा आहे तो कधीच वाटाघाटीला येत नाही. म्हणून मधल्या काळात काम बघणारा माणूस उमेदवारांपैकी नको, आणि त्याला मुदत हवी, तीस दिवस पुरे. चेकवर सही करायचा त्याचा अधिकार बँकेत आधीच नोंदवून ठेवा, तेवढ्यानेसुद्धा आमची लिफ्ट वाचली असती.

पहिली पायरी, त्याच मीटिंगमध्ये चहा घेऊन पंधरा-वीस मिनिटांनी एकदा फेरमतदान. एकदाच. पाच-पाच वेळा मतदान घेत बसलं की लोक मत बदलत नाहीत, दमतात आणि चिडतात. त्या पंधरा मिनिटांत दोन्ही उमेदवारांना बाजूला बसवून विचारा की आलटून पालटून चालेल का. महाराष्ट्रात अडीच वर्षांची पद्धत काही नवीन नाही, महापौरपदाची मुदतसुद्धा अडीच वर्षांची असते. दोघंही काम करणारे असतील तर हा खरंच चांगला तोडगा आहे, फक्त तो मिनिट्समध्ये तारखेसकट लिहा, तोंडी शब्दावर ठेवू नका, नाहीतर अडीच वर्षांनी पुन्हा तेच.

दुसरी पायरी कास्टिंग व्होट. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्येच आहे की मतं समान पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत. म्हणजे सोसायटीत चेअरमनचं स्वतःचं एक मत असतं आणि बरोबरी झाली तर आणखी एक. लोकसभेत तसं नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० प्रमाणे अध्यक्ष आधी मत देतच नाही, फक्त बरोबरी झाली तरच देतो. तुमचं मंडळ किंवा ट्रस्ट स्वतःची घटना लिहीत असेल तर मला ही दुसरी पद्धत जास्त बरी वाटते, माणूस चर्चेत तटस्थ राहतो आणि त्याचं शेवटचं मत लोकांना पटतं. चेअरमन झालेल्या माणसाला एक कळकळीची विनंती, हे मत तुमची जबाबदारी आहे, संबंध बिघडतील म्हणून ते खिशात ठेवलं तर त्याची किंमत सगळ्या घरांना पडते. देताना कारण दोन ओळीत सांगा, मिनिट्समध्ये लिहा, आणि ज्याचं नाव गेलं नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन बसा. फक्त तुम्ही स्वतःच उमेदवार असाल तर ते वापरू नका.

आणि चेअरमनच निवडायचा असेल तेव्हा? नवीन कमिटीच्या पहिल्या मीटिंगला चेअरमनच नसतो, मग निर्णायक मत कोणाचं. तिथे चिठ्ठी. चिठ्ठीला लोक उगाच कमी लेखतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत वॉर्ड २२० मध्ये भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना समान मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला, शाह निवडून आले. देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचा नगरसेवक चिठ्ठीने ठरू शकतो तर आपल्या सोसायटीचा चेअरमन नक्कीच ठरू शकतो. दोन सारख्या आकाराचे कागद, सारखी घडी, स्टीलचा डबा, आणि काढायला कमिटीबाहेरचं एखादं लहान मूल, सगळ्यांसमोर. व्हिडिओ काढून ठेवा.

अजून एक रस्ता आहे, तो म्हणजे निर्णय मोठ्या सभेकडे नेणं. १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्या नावावर सिनेटच्या कमिटीत ७-७ झालं, तर कमिटीने १३-१ ने ठरवलं की शिफारस न करता नाव तसंच सभागृहाकडे पाठवायचं, आणि तिथे ५२-४८ ने मंजूर झालं. नाव योग्य होतं की नाही यावर अजून वाद आहेत, त्यात मी पडत नाही, पण जे सहमत नव्हते त्यांनीही बरोबरीच्या आड नाव दाबून ठेवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मंडळात, ट्रस्टमध्ये हे घटनेत लिहून ठेवता येतं. सोसायटीत पदाधिकारी कमिटीच निवडते, त्यामुळे तिथे जनरल बॉडीचा कल घेऊन कमिटीने तो मानायचा एवढंच करता येईल, आणि त्यासाठी सभा बोलवण्यात दिवस जातात, म्हणून हा रस्ता मी तिसऱ्या नंबरवर ठेवते.

एक करू नका, वेळ जाईल तशी बहुमताची अट सैल होत जाईल असा नियम ठेवू नका. पोप निवडताना दोन तृतीयांश मतं लागतात, १९९६ मध्ये नियम आला की खूप फेऱ्या होऊनही ठरलं नाही तर साध्या बहुमताने ठरवता येईल, आणि २००७ मध्ये तो काढून पुन्हा दोन तृतीयांश केलं. कारण उघड आहे, ज्यांच्याकडे निम्म्याहून थोडी जास्त मतं आहेत ते दुसऱ्यांशी बोलणारच नाहीत, फेऱ्या संपायची वाट बघत बसतील.

हे काहीच केलं नाही तर सोसायटीच्या बाबतीत शेवट सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या ऑफिसात होतो. कमिटी कामच करू शकत नाही अशी तक्रार गेली तर कायद्यात कलम ७७अ आहे, बाहेरचा माणूस येऊन बसू शकतो आणि मग तुमच्या लिफ्टचा चेक तो सही करतो.

आम्ही नंतर जो ठराव केला तो खाली देते, तुमच्या गरजेप्रमाणे बदला, उपविधींच्या विरुद्ध काही जात नाही ना ते उपनिबंधक ऑफिसात एकदा वाचून दाखवा, आणि जेव्हा कुठलंच पद रिकामं नाही अशा एखाद्या शांत मीटिंगला मंजूर करून घ्या.

"कोणत्याही पदासाठी किंवा रिक्त जागेसाठी प्रत्येक नावावर स्वतंत्र व गुप्त मतदान होईल. तटस्थ मतं मोजली जाणार नाहीत. मतं समान पडल्यास त्याच सभेत पंधरा मिनिटांनी एकदाच फेरमतदान होईल. पुन्हा समान पडल्यास अध्यक्ष निर्णायक मत देतील व कारण इतिवृत्तात नोंदवतील. अध्यक्ष स्वतः उमेदवार असतील किंवा अध्यक्षपदाचीच निवड असेल तर त्याच सभेत चिठ्ठी काढून निर्णय होईल. कोणत्याही कारणाने निर्णय न झाल्यास उमेदवार नसलेला एक सदस्य जास्तीत जास्त ३० दिवस त्या पदाचं काम पाहील, त्याचा सहीचा अधिकार बँकेत आधीच नोंदवलेला असेल, आणि पुढील सभा ७ दिवसांत घेतली जाईल."

हा ठराव झाल्यावर पुढच्याच वर्षी खजिनदार निवडताना पुन्हा ४-४ झालं. चहा झाला, फेरमतदान झालं, ५-३ झालं, आणि रात्री साडेनऊला सगळे घरी गेले.